मामांचे टाळ: तळ्यावर फिरायला जाणाऱ्यासाठी हजार रुपयांच्या आत हेडफोन निवडताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामींचा फोन आला. "मामांना तू तरी सांग की रे, कानात ते घालून रस्त्यानं चालू नका म्हणून. माझं कुठं ऐकायलेत ते?" त्याच सकाळी सोलापुरातल्या पार्क चौकाच्या अलीकडे मागून आलेली मोटारसायकल मामांच्या हातातल्या पिशवीला घासून गेली होती. लागलं काही नाही, देवाची फुलं तेवढी रस्त्यावर सांडली. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला म्हणे. मामांना एकदाही ऐकू आला नव्हता.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामांचं म्हणणं वेगळंच होतं. "इअरफोन बेकार आहेत बघ हे. आवाज वाढवला तरी शब्द कळायले नाहीत. टाळ तर वाजतच नाहीत ह्यात. हजार रुपयांच्या आत चांगलं काहीतरी सांग. त्याच्या वर एक रुपया घालणार नाही."

मी अठरा वर्षं कीर्तनं, नाटकं आणि सभांना साऊंड लावतोय. घरात कुणाला स्पीकर किंवा हेडफोन घ्यायचा असला की मला विचारतात आणि मी दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. मामांनाही तसंच सांगितलं आणि ते चुकलं. नीट उत्तर सापडायला पुढे दीड महिना गेला. तो सगळा प्रवास लिहून ठेवावासा वाटला, कारण सकाळी फिरायला जाणारे, कानात भजन लावणारे आणि हळूहळू आवाज वाढवत जाणारे असे मामा सोलापुरात घरोघरी आहेत.

माणूस आणि त्याचा रस्ता

मामा ६१ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ३४ वर्षं यंत्रमाग चालवला, आता घरी असतात. बाळीवेशीजवळ राहतात. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सिद्धरामेश्वरांचं दर्शन घ्यायचं, तळ्याच्या काठानं चालायचं, किल्ल्याच्या बाजूला थोडं बसायचं आणि सात-सव्वासातला पार्क चौकाकडून परत फिरायचं. ह्या सगळ्यात दीड तास अभंग आणि कीर्तन चालू.

एकाच फेरीत दोन अगदी वेगळ्या जागा येतात, हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. जाताना रस्ता झोपलेला असतो. तळ्यावर पाखरं, देवळातली घंटा, कुणाच्या तरी वहाणांचा आवाज, एवढंच. येताना शाळेच्या रिक्षा, एसटी, दुधाच्या गाड्या आणि हॉर्न. फुटपाथ आहे तिथं गाडे लागलेले, म्हणजे चालायचं रस्त्यावरूनच.

मामांच्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. मी दोन दिवस त्यांच्याबरोबर चाललो आणि त्यांना न सांगता आकडा बघत राहिलो. तळ्यावर ९. पार्क चौकात १४. घरी पोचल्यावरही तो १४ वरच असायचा, कारण वाढवलेला आवाज कमी करायचं कुणाच्या लक्षात राहतं?

त्यांच्याकडे तेव्हा फोनबरोबर आलेले साधे इअरफोन होते. कडक प्लास्टिकचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे. त्याआधी दिवाळीला मुलानं १,२९९ रुपयांचे बिनतारी बड्स दिले होते. जानेवारीच्या थंडीत कानटोपी सारखी करताना डावा बड सुटला आणि घाटाच्या पायऱ्यांवरून टुणटुणत तळ्यात गेला. तसेही ते मामांना जमत नव्हते. बडला बोट लागलं की गाणं थांबायचं, टोपी लागली की पुढचं लागायचं. मागावर सूत धरून घट्टे पडलेल्या बोटांना तो नाजूक स्पर्श कुठून येणार? ज्याला बटण दाबल्याचं कळायला हवं त्याला बटणच द्यायला हवं. बिनतारीचा पर्याय आम्ही तिथंच बाजूला ठेवला. एरवी माझा त्याला विरोध नाही. पण हजाराच्या आतल्या बड्समध्ये अर्धे पैसे बॅटरी, चिप आणि डबीत जातात. त्या इवल्याशा लिथियम बॅटऱ्या बदलता येत नाहीत, दोन-तीन वर्षांत दमतात, आणि सोलापूरचा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा एप्रिल-मे त्यांना आणखी लवकर दमवतो.

मी आधी दिलेलं उत्तर

माझ्याकडे डोक्यावर बसणारा, स्पंजच्या गोल गाद्यांचा हलका हेडफोन आहे. ह्या जातीवर माझा जीव आहे. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला तेव्हा चालता चालता गाणं ऐकायची सवय जगाला ह्याच जातीच्या हेडफोननी लावली. १९८४ सालचा कॉसचा पोर्टा प्रो आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो. वजन नसल्यासारखं, कानाला घाम नाही, आवाज मोकळा, आणि आजूबाजूचं सगळं ऐकू येतं. मनात म्हटलं, मामांना हेच हवंय. मागून गाडी आली तर कळेल. लगेच माझाच काढून दिला.

चार दिवसांनी आकडा बघितला. तळ्यावर ८, पार्क चौकात १५. त्याच्या पुढे पायरीच नाही.

माझी चूक साधी होती. बाहेरचं ऐकू येतं ते स्पंजमधून आवाज आरपार जातो म्हणून. आत शिरणारा तो आवाज गाण्याला झाकतो आणि माणूस गाणं त्याच्या वर काढतो. शेवटी १५ वर वाजणारा उघडा हेडफोन बाहेरचा हॉर्नही बुडवतो. रस्ता ऐकू यावा म्हणून जो दिला त्यानंच रस्ता बंद केला आणि वर कानावर मारा वाढवला. शांत जागी उघडा हेडफोन उत्तमच. गोंगाटात तो तसा राहत नाही.

हेडफोन परत देताना मामा म्हणाले, "आवाज गोड आहे रे. पण टाळ ह्यातही नाहीत."

मी तोच अभंग, त्याच फोनवर, माझ्या कानाला लावला. टाळ लख्ख वाजत होते, प्रत्येक ठोक्याला. पखवाजाच्याही वर.

हेडफोनला ओठ नसतात

त्या दिवशी मला पहिल्यांदा मनापासून भीती वाटली. कारण टाळ नेमके कुठं असतात हे मला धंद्यामुळे माहीत आहे. पखवाजाचा धुमा खालच्या पट्टीत, गायकाचा मुख्य सूर मध्ये, आणि टाळांची चकाकी काही हजार हर्ट्झच्या वर. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्याचा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दुबळा होतो, हे कानाच्या शास्त्रातलं फार जुनं निरीक्षण आहे. शटलच्या, म्हणजे धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, बऱ्याचदा १०० च्या जवळ. मामा कामाला होते तेव्हा आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा होती. गोंगाटानं येणारा बहिरेपणा तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या नोंद करायच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही होता. मामांनी ३४ वर्षांत एकदाही कानात बोळा घातला नव्हता. कुणी द्यायचा?

मग घरात इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? ह्याचं उत्तर मामांनीच दिलं, आणि ते मी विसरणार नाही. "शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. आम्ही तोंडाकडं बघून बोलतो." धोट्याच्या खडखडाटात ओठ आणि हात वाचायची सवय मागावरच्या सगळ्यांनाच लागते. घरी समोर बसून बोलताना मामांना सगळं कळायचं, कारण ते अर्धं डोळ्यांनी ऐकत होते. स्वयंपाकघरातून मामींनी हाक मारली की ओ येत नसे, आणि मामी म्हणायच्या, लक्ष नसतं ह्यांचं.

कीर्तनकार कानात बोलत असेल तर त्याचे ओठ दिसत नाहीत. मामांच्या कानांची खरी स्थिती पहिल्यांदा उघडी पडली ती त्या साध्या इअरफोनमध्ये, आणि दोष गेला इअरफोनच्या माथी.

हेडफोनची खरेदी आम्ही थांबवली. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कानांत मळ होता, उजव्यात जास्त. तो काढल्यावरच मामा दवाखान्यातल्या पंख्याकडे बघून म्हणाले, "आवाज करायलाय की हा!" मग ऑडिओमेट्री झाली. काचेच्या खोलीत बसून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढीच ती तपासणी. आलेख समजून घ्यायला तज्ज्ञ लागत नाही. २५० पासून १००० हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सपाट, २००० पासून उतार, ४००० ला खोल खड्डा आणि ८००० ला थोडी वर. दोन्ही कानांना सारखीच.

ह्या खड्ड्यातच स, श, फ, त, थ ही व्यंजनं अर्धीमुर्धी हरवतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते येतात. माणसाला वाटतं की आवाज आहे पण शब्द नाहीत, म्हणून तो आवाज वाढवतो. वाढतात ते स्वर आणि पखवाज. शब्द होते तिथंच राहतात.

तपासणी करणाऱ्या बाईंनी मामांना श्रवणयंत्राची चाचणी घ्यायला सुचवलं. मामांनी मान हलवली आणि बाहेर आल्यावर विषय बदलला. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण ह्या तपासणीचा खर्च हेडफोनच्या बजेटमधून काढायला मामा तयार नव्हते, तो मी केला. माझं प्रामाणिक मत असं की पन्नाशीच्या पुढच्या माणसासाठी हेडफोन घेताना पहिले पैसे इथंच घालावेत.

निवड

आता प्रश्न बदलला होता. दुबळ्या कानाला, गोंगाटात, कमीत कमी आवाजात शब्द कसे पोचवायचे?

इथं मला एका समजुतीबद्दल लिहायलाच हवं, कारण मामांच्या दोन मित्रांनी तीच सांगितली होती: हाडातून ऐकवणारे हेडफोन घ्या, कान खराब असला तरी ऐकू येतं. हे हेडफोन गालाच्या हाडाला कंप देतात, कानाचं भोक मोकळं राहतं, रस्त्यासाठी ती सोयीची गोष्ट आहे. पण तो कंप शेवटी जातो त्याच शंखाकृती अंतर्कर्णात, जिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मागाच्या आवाजानं झिजल्या आहेत. पडद्यात किंवा मधल्या कानाच्या हाडांत अडथळा असेल तर हाडाचा मार्ग वळसा घालून उपयोगी पडतो. मामांचा बिघाड शेवटच्या मुक्कामावर आहे. वाट बदलून काय होणार? शिवाय चांगले सेट त्यांच्या बजेटच्या कितीतरी पुढे.

कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन मी कामाला वापरतो. मे महिन्यात पार्क मैदानावर साऊंडचा ताबा घेऊन दोन तास ते घातले की कानांच्या पाळ्या उकडून निघतात. स्वस्तातल्या गाद्यांचं नकली कातडं घामानं वर्षभरात सोलून पडतं. चालायला तर नकोच.

नेकबँडचा, म्हणजे मानेभोवती पट्टा असलेल्या बिनतारी इअरफोनचा विचार बराच वेळ केला. पडत नाही, हरवत नाही, बटणं असतात. पण पुन्हा चार्जिंग आलं, आणि मामा फोनच दोन दिवसांनी चार्ज करतात. बाहेरचा आवाज रद्द करणारं तंत्र आता स्वस्त सेटमध्येही येतं. ते एसटीच्या इंजिनाचा घुमारा बराच दाबतं, पण हॉर्न आणि माणसांचे आवाज त्याला तितके आवरत नाहीत, आणि वाऱ्यात त्याचे माइक स्वतःच फुरफुरतात. त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटलं नाही.

उरले तारेचे, सिलिकॉनची बोंडं कानात बसणारे इअरफोन. नीट बसले तर बाहेरचा आवाज १५ ते २५ डेसिबलनी उतरतो, तेही बॅटरीशिवाय. बाहेरचा गोंगाट उतरला की गाणं त्याच्यावर चढवायची गरज उतरते. मामांच्या फोनला साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे, त्यात टूथपिकनं हलकेच फिरवलं तर खिशातल्या सुताचा गोळा निघाला. तार खरखरते अशी जी तक्रार होती ती तिथंच संपली.

नवी पेठेत गेलो. दुकानदारानं सवयीनं दणदणीत ठेक्याचं गाणं लावून हातात दिलं. अशा गाण्यावर कुठलाही इअरफोन चांगलाच वाटतो. मी मामांच्या फोनवर त्यांचंच कीर्तन लावलं, गाणं नव्हे, नुसतं निरूपण. एका डब्यावर जाडजूड अक्षरांत बेसचं कौतुक छापलेलं होतं. तो लावल्यावर मामा म्हणाले, "बुवा हंड्यात तोंड घालून बोलायलेत." नेमकं वर्णन होतं. खालचा आवाज वाढवला की तो वरच्या आवाजांना झाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. निरोगी कानाला त्याचं फारसं वाटत नाही. ज्याच्या वरच्या पट्टीत आधीच खड्डा आहे त्याचे उरलेसुरले शब्दही बुडतात.

दुसरा उलट टोकाचा, स ऐकू यावा म्हणून टोचणारा. मामांना तो आवडला, मी नको म्हटलं. दुबळ्या जागीच सुई लावण्यासारखं ते होतं. तिसरा साधा होता, डब्यावर फारसं काही लिहिलेलं नाही, ६९९ रुपये. निरूपण लावल्यावर मामा काही बोलले नाहीत, ऐकत उभे राहिले. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, परत आला, तरी ऐकतच होते. तोच घेतला. तारेवर एक खरं, टचकन दबणारं बटण होतं आणि पिन कोनात वळलेली होती. सरळ पिन खिशात वाकून मुळाशी तुटते, म्हणून मी तेवढं नक्की बघतो.

आकडे मी फारसे बघितले नाहीत. विजेचा रोध १६ ओहम की ३२ ह्यानं फोनवर फारसा फरक पडत नाही. कितीपासून किती हर्ट्झ वाजतं हे तर सगळेच सारखं छापतात. पाण्याचा दर्जा मात्र समजून घेण्यासारखा आहे. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांना टिकेल, म्हणजे घामालाही. त्यातला एक्स धुळीबद्दल काहीच सांगत नाही, आणि सोलापुरात धूळ ही मोठी गोष्ट आहे. आमच्या ह्या सेटला असा कुठलाच दर्जा नव्हता. वापरून झालं की बोंडं काढून पुसायची आणि सेट छोट्या डबीत ठेवायचा, एवढंच आम्ही ठरवलं.

बसवणं

घरी आल्यावर मामांनी बोंडं कानात घातली आणि म्हणाले, "दुकानात बरा वाजत होता." मला हायसं वाटलं, कारण ही तक्रार ओळखीची होती. बोंडं नीट बसली नव्हती.

डब्यात तीन मापांच्या जोड्या येतात आणि मधली आधीपासून लावलेली असते. बहुतेक लोक तीच आयुष्यभर वापरतात. मामांच्या डाव्या कानाला लहान लागली, उजव्याला मधली. दोन्ही कानांची भोकं सारखी असतात असं थोडंच आहे. घालायची रीत शिकवली: विरुद्ध हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोंड सरकवायचं, पाळी सोडायची. नीट बसल्याची खूण घरगुती आहे. तोंड मिटून ओंकार म्हणायचा. तो डोक्यात घुमला तर बसलं. घुमला नाही तर कुठंतरी फट आहे, आणि फट असली की बाहेरचा गोंगाट आत येतो.

त्याच घुमण्यामुळे चालताना पावलांचा धप्प धप्प आवाजही डोक्यात येतो आणि तार शर्टाला घासली की खरड ऐकू येते. मामा पहिल्या दिवशी त्यानं वैतागले. तार कानाच्या मागून वळवून घेतली आणि मामींनी तिला छातीशी छोटी पिन लावून दिली. खरड जवळजवळ गेली, पावलं थोडी राहिली.

मग फोन हातात घेतला. इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाची प्रत्येक पट्टी वेगळी कमीजास्त करायच्या सोयीत, सगळ्यात खालच्या दोन पट्ट्या बऱ्याच उतरवल्या. वरच्या चढवल्या नाहीत. खालचं उतरवूनही वरचं मोकळं होतं आणि कानावरचा एकूण भार कमी होतो, हा मला पटलेला मार्ग.

आवाजाची मर्यादा ठरवायला थोडा हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल सांगते, मुलांसाठी आणि नाजूक कानांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. मामांचं ऐकणं आठवड्याला साधारण साडेदहा तास. त्यांना मी ७५ चंच माप लावलं, म्हणजे दहा तासांना ८० च्या आसपास. पण कानाच्या आत किती डेसिबल पोचतात हे घरी मोजता येत नाही. म्हणून सोपी रीत धरली. रात्री, घर शांत असताना, निरूपण समजेल असा सगळ्यात कमी आवाज मामांनी स्वतः लावायचा. तो आला ७ वर. एक पायरी सवलत देऊन फोनमधली कमाल मर्यादा ८ वर लावून टाकली. त्याच्या वर आवाज जातच नाही.

"आणि चौकात?" मामांनी विचारलं.

ह्यावर आमचा खरा वाद झाला. माझं म्हणणं, परतीच्या रस्त्यावर दोन्ही बोंडं काढा. कान बंद करणारी वस्तू घालून गाड्यांमधून चालणं बरोबर नाही, मग ती ६९९ ची असो की साठ हजारांची. मामा म्हणाले, कीर्तन अर्ध्यात सोडता येत नाही. शेवटी तडजोड झाली. फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो आवाजाची सोय असते. ती चालू केली की डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं एकाच कानात येतं, नाहीतर एका बाजूचा टाळकरी गायबच होतो. मामांनी समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं. गाड्या डाव्या हाताला राहतात, म्हणून डावा कान मोकळा आणि बोंड फक्त उजव्यात. रस्ता ओलांडताना तेही बाहेर. मला ही तडजोड पूर्ण पटलेली नाही. एका कानानं ऐकताना आवाज वाढवायचा मोह होतो, आणि मर्यादा लावलेली आहे म्हणूनच मी हो म्हटलं.

पुढचे सहा महिने

ऑगस्टमध्ये मी पुन्हा बरोबर चाललो. तळ्यावर आकडा ६ होता. मर्यादेपेक्षाही कमी. पार्क चौकाच्या आधी मामांनी डावं बोंड काढून खिशात टाकलं, सांगावं लागलं नाही. महिनाभरानं तर कधी कधी दोन्ही काढलेली असतात असं मामी म्हणाल्या.

सप्टेंबरात एक सिलिकॉनचं बोंड कुठंतरी पडलं, राखीव जोडीतलं लावलं. दमट हवेत कानात खाज सुटली तेव्हा आठवडाभर वापर थांबवला, बोंडं साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी केली, पुन्हा त्रास नाही. तार अजून शाबूत आहे.

टाळांचं सांगायचं राहिलं. ६९९ रुपयांच्या इअरफोननं ते परत आणले नाहीत, आणणं शक्यही नव्हतं. किल्ल्याच्या बाजूला बसलो असताना मी विचारलं तेव्हा मामा जरा वेळ ऐकत राहिले. "आहेत बघ. लांब आहेत, गावाच्या वेशीवर वाजल्यासारखे." मग मी श्रवणयंत्राचा विषय काढला. ह्या वेळी त्यांनी तो बदलला नाही. दिवाळीनंतर आठवडाभर चाचणीसाठी यंत्र घरी आणलं. पहिल्या संध्याकाळी मामींनी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि मामांनी ओ दिली तर मामी बाहेर येऊन बघून गेल्या. यंत्र घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. किंमत मोठी आहे आणि मुलगा-बाप बोलताहेत.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला मामा दरवर्षी जातात. गर्दी, वाजंत्री, ढोल, आणि वाटेत कुणी ना कुणी लावलेले मोठे स्पीकर. मीही होतो. मिरवणूक जवळ आली तसं मामांनी खिशातून इअरफोन काढले, पाळी ओढून दोन्ही बोंडं कानात बसवली आणि तोंड मिटून हळूच ओंकार म्हणून बघितला. तारेचं दुसरं टोक फोनला लावलेलंच नव्हतं. ते तसंच शर्टाच्या खिशात सोडून ते हात जोडून नंदीध्वजांच्या काठ्यांकडे बघत उभे राहिले.